अंगी लागणं

नळाच्या पाइपलाइनसाठी गल्लीत चर खोदला होता आणि त्यावर टाकलेली फळी कुणीतरी उचलून नेली होती. रिक्षावाला पुढं यायला तयार नव्हता, म्हणून संघपालनं आईला उचलून पलीकडे न्यायचं ठरवलं. एवढंच झालं. कांताबाई चपला हातात घेऊन चराच्या काठाशी उभी होती. त्यानं वाकून एक हात तिच्या पाठीमागं आणि एक गुडघ्यांखाली घातला, श्वास भरून घेतला आणि जोर लावला. आई एकदम वर आली. भरलेली समजून उचललेली घागर रिकामी निघावी तसा त्याचाच तोल मागं गेला. "अरे, पाडशील," कांताबाई हसत म्हणाली, "एवढा जोर कशाला लावला?" त्यानं चर ओलांडला आणि तिला पायरीवर टेकवलं. शेजारच्या दुर्गाबाई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, "सर, आईला जेवू घालतात का न्हाई घरात?" आणि स्वतःच हसल्या. संघपालही हसला. आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता, तो मधेच थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी शाळेत हजेरी घेतानाही आईचं ते हलकेपण त्याच्या दंडांत होतं. त्यानं आईला याआधी कधीच उचललेलं नव्हतं. मग किती जोर लावायचा हे हातांनी कशावरून ठरवलं? हातांनी धरलं होतं ते गावाकडच्या, शहागडच्या आईचं वजन असणार. डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन, दुसऱ्यांच्या रानातून हायवेच्या कडेकडेनं, ट्रकांचा वारा अंगावर घेत घराकडं येणारी आई. तिचे दंड काळे, गोल आणि घट्ट होते. ती रागावून पाठीत धपाटा घालायची तेव्हा तो धपाटा पाठीत बराच वेळ राहायचा. वडील वारल्यावर तीन वर्षांपूर्वी त्यानं तिला जालन्याला आणलं तेव्हाही ती तशीच होती, थोडी वाकलेली, पण भरलेली. आणि आता ती एवढीशी कधी झाली? एका घरात राहून, रोज सकाळी तिच्यासमोर बसून चहा पिऊन त्याला ते दिसलं नव्हतं. ते हातांना कळलं. हे काही बरोबर नाही असं त्याला वाटत राहिलं आणि नेमकं काय बरोबर नाही ते सापडेना.

तसं पाहिलं तर त्यानं काही केलं नव्हतं असं नाही. डिसेंबरात आईचे गाल बसलेले वाटले म्हणून तो आणि सुमेधा तिला जवळच्या दवाखान्यात घेऊन गेले होते. रक्त, लघवी, छातीचा फोटो, साखर, थायरॉइड, सगळं झालं आणि सगळं नॉर्मल आलं. डॉक्टर कागद चाळत म्हणाले होते, वय झालंय, टॉनिक देतो, नीट खाऊ घाला, दूध-तूप द्या. खाऊ घाला म्हणताना त्यांनी मान वर करून सुमेधाकडं पाहिलं होतं, आणि सुमेधा हो म्हणाली होती. तेव्हा त्या पाहण्यात त्याला काही वाटलं नव्हतं. आता मात्र ते पाहणं पुन्हा पुन्हा आठवायला लागलं. नॉर्मल. म्हणजे आईच्या शरीरात काही बिघडलेलं नाही. म्हणजे जे काही बिघडलंय ते शरीराच्या बाहेर आहे. म्हणजे ते घरात आहे. विज्ञानाच्या शिक्षकाला अशा पायऱ्या उतरायला वेळ लागत नाही, आणि शेवटच्या पायरीवर आपण कुठं येऊन उभे राहिलो हे पाहून त्याला स्वतःचीच लाज वाटली. वीस वर्षांचा संसार होता. लेक अक्षता लातूरच्या होस्टेलात शिकत होती. सुमेधा घरी ब्लाउज शिवायची, दिवसभर मशीनवर वाकलेली असायची, आवाज चढवून बोललेली त्यानं कधी ऐकली नव्हती. असली बाई सासूला उपाशी ठेवील? छे. पण तो विचार एकदा येऊन बसला तो उठेना.

त्या संध्याकाळी त्यानं आईला सरळच विचारलं. सुमेधा दुकानात दोरा आणायला गेली होती. कांताबाई पलंगावर पाय सोडून बसली होती, घोटे काटकीसारखे बारीक झालेले.

"आई, पोटभर खाती ना तू?"

"खाते की. सून लई खाऊ घालती बाबा. मीच नको म्हणते तरी ताटात टाकती. पण..."

"पण काय?"

"काय न्हाई," म्हणून तिनं पदरानं तोंड पुसलं आणि तू शाळेचे कपडे बदल म्हणाली.

त्या 'पण'च्या पुढं काय असेल ते त्यानं स्वतःच भरलं. कारण 'खाते की' हे वाक्य त्याच्या जुन्या ओळखीचं होतं. तो आठ-नऊ वर्षांचा होता तेव्हा आई सगळ्यांना वाढून झाल्यावर चुलीपुढं पाठ करून बसायची आणि विचारलं की म्हणायची, मी रानात खाल्लंय. रानात म्हणजे कुठं, काय, कुणी दिलं, हे त्यानं कधी विचारलं नाही. एकदा पाणी प्यायला मागून आला तर आई भाकरीच्या टोपल्यात बोटानं पीठ गोळा करून खात होती. टोपल्यात फडकं होतं, फडक्यावर भाकर नव्हती. तिनं वळून पाहिलं आणि हसली, अगदी तशीच, काल चराच्या काठाशी हसली तशी. त्या दिवसापासून आई जेवले म्हणाली की ती जेवलेली नसते हे त्याच्यात पक्कं बसलं होतं. पुढं शिक्षक झाला, पगार आला, घरात ज्वारीचं पोतं आणि गव्हाचं पोतं शेजारी शेजारी उभं राहिलं, तरी ते गेलं नाही. तेव्हा आई खोटं बोलून त्याला वाचवत होती. आता ती कुणाला वाचवत होती?

मग तो पाहायला लागला. मधल्या सुट्टीत शाळा जवळ आहे म्हणून अचानक घरी येऊ लागला. विसरलेली चावी, विसरलेला चष्मा, एकदा नुसतंच डोकं दुखतंय म्हणून. सुमेधा प्रत्येक वेळी मशीनवरून उठायची, चहा ठेवू का विचारायची. कधी आई जेवत असायची, कधी जेवून झालेलं असायचं. रात्रीच्या जेवणाला तो आपलं ताट आईच्या ताटाला लावून बसू लागला. शाळेच्या दैनंदिनीत मागच्या पानांवर तो बारीक अक्षरात लिहून ठेवायचा. सोमवार, रात्री, भाकर दीड, वरण, भात थोडा. मंगळवार, दुपारी, माहीत नाही. बुधवारी त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. त्याच्या वरणावर सुमेधानं तुपाची धार धरली, स्वतःच्या वाटीत चमचाभर टाकलं, आणि आईच्या वाटीवरून तुपाचं भांडं तसंच पुढं गेलं. गुरुवारी तेच. शुक्रवारी शेंगदाण्याची चटणी त्याच्या ताटात होती, आईच्या ताटात नव्हती. त्यानं लिहिलं: आईला तूप नाही. मला आहे. लिहिताना त्याचं अक्षर एकदम नीटनेटकं आलं, फळ्यावर लिहितो तसं.

त्याच आठवड्यात वर्गात पचनसंस्था चालली होती. हा धडा तो अठरा वर्षं शिकवत होता आणि तो शिकवण्याची त्याची एक रीत ठरलेली होती. पहिल्या दिवशी तो प्रत्येकाला भाकरीचा तुकडा द्यायचा आणि गिळू नका, चावत राहा म्हणायचा. दोन मिनिटं वर्गात नुसता चावण्याचा आवाज. मग कुणीतरी सांगायचं, सर, गोड लागून राह्यली. साखर कुठून आली? लाळेत विकर असतं, ते पिठाची साखर करतं. विकर म्हणजे कात्री समजा. अन्न मोठं असतं, आतड्याच्या भिंतीतून ते जाऊ शकत नाही. कात्रीनं कापून बारीक केलं तरच रक्तात शिरतं. पोटातली कात्री प्रथिनं कापते. आणि जठराच्या मागं, आडवं, झाडाच्या लांबट पानासारखं स्वादुपिंड असतं; त्याच्याकडं तर सगळ्याच कात्र्या असतात, पिष्टाची, प्रथिनांची, आणि तेला-तुपाची. तो फळ्यावर ते पान पिवळ्या खडूनं काढायचा. मग परीक्षेचा प्रश्न: कारणे द्या, स्वादुरस न मिळाल्यास स्निग्ध पदार्थांचे पचन होत नाही. उत्तर: कारण स्निग्ध पदार्थ तोडणारे विकर स्वादुरसात असते, ते न मिळाल्यास स्निग्ध पदार्थ न पचता तसेच शरीराबाहेर टाकले जातात. दोन गुण. या दोन गुणांचे त्यानं आजवर किती पेपर तपासले असतील. त्या दिवशीही त्यानं हे उत्तर सावकाश, शब्द तोडून सांगितलं, मुलांनी लिहून घेतलं, आणि तो खिडकीबाहेर पाहत तुपाच्या भांड्याचा विचार करत उभा राहिला.

आणि सुमेधानं त्याला सांगितलं होतं. ते त्याला तेव्हा आठवलं नाही. ज्या गोष्टी माणूस ऐकून न ऐकल्यासारख्या करतो त्या आठवायलाही वेगळी ताकद लागते. नोव्हेंबरात केव्हातरी, तो जेवत असताना, ती हळूच म्हणाली होती की आईंच्या शौचाचं काहीतरी बरोबर दिसत न्हाई, तेलकट असतं, पाणी टाकलं तरी जात न्हाई. त्यानं हात वर केला होता. "जेवताना काय काढून राह्यली तू." पुढं दवाखान्यातून आल्यावर तिनं पुन्हा विषय काढला, तो म्हणाला, रिपोर्ट नॉर्मल आहेत ना, वयात होतं असं. तिसऱ्यांदा तिनं काढला नाही.

मार्चच्या पहिल्या रविवारी बेबीआक्का आली. बेबीनंदा त्याची थोरली बहीण, घनसावंगीला दिलेली. सहा महिन्यांनी आईला पाहत होती. दारातच तिनं आईच्या मनगटाभोवती अंगठा आणि बोट फिरवलं. बोट अंगठ्याच्या पलीकडं गेलं. ती रडली नाही. चहा घेतला, अक्षताचं विचारलं, सुमेधानं केलेला शिरा खाल्ला, आणि ताटली खाली ठेवून म्हणाली, "घरात दोन बायका, एक भरून आली आन् एक वाळून गेली. हे कसं रं होतं, संघपाल?"

मशीनच्या टेबलाला टेकून सुमेधा उभी होती. तिनं बेबीआक्काकडं पाहिलं नाही. तिनं त्याच्याकडं पाहिलं. त्या क्षणी काय बोलायला हवं हे त्याला माहीत होतं; ते अगदी साधं वाक्य होतं, आक्का, असं बोलू नको. जीभ टाळ्यापर्यंत गेलीही. पण दैनंदिनीतलं ते नीटनेटकं अक्षर मधे आलं आणि तो भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं पाहत राहिला. फोटोला सकाळीच सुमेधानं नवा हार घातला होता. कांताबाई पलंगावरून म्हणाली, मला खाऊ घालती गं ती, तिचं नाव घेऊ नको. बेबीआक्का म्हणाली, तू तर हेच म्हणणार, जन्मभर हेच म्हणत आली. आणि संघपालला वाटलं की आक्कानं त्याच्या मनातलंच वाक्य उचललंय. दुपारच्या जीपनं बेबीआक्का आईला घेऊन गेली. चर अजून बुजवलेला नव्हता. बेबीआक्कासोबत आलेल्या तिच्या नवऱ्यानं आईला पलीकडं नेलं. सुमेधानं पिशवीत आईच्या साड्या, टॉनिकची बाटली आणि चष्मा भरून दिला, आणि बेबीआक्काला काहीतरी सांगायला पुढं झाली. पण बेबीआक्का जीपमध्ये चढली होती.

संध्याकाळी तिनं जेवण वाढलं, त्याच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि ताटाशेजारी त्याची शाळेची दैनंदिनी ठेवली, मागचं पान उघडून.

"आठ दिवसांपासून वाचून राह्यले मी हे," ती म्हणाली. "रोज नवीन ओळ यायची."

त्यानं काहीतरी म्हटलं, आईची काळजी म्हणून, तुझ्यावर संशय म्हणून नाही. तिनं ऐकून घेतलं. तूप का देत नव्हतीस असं त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. ती म्हणाली, जेवून घ्या, आणि मशीनकडं गेली. त्या दिवसापासून ती त्याच्यासोबत जेवेनाशी झाली. त्याचं ताट वाढायची, तो उठल्यावर कधीतरी स्वतः खायची. भांडण नाही, अबोला म्हणावा तर तोही नाही. दूध संपलंय, गॅस लावायचाय, अक्षताचा फोन आल्ता, एवढं बोलणं चाललेलं. तो एकटा जेवताना स्वतःच्या चावण्याचा आवाज ऐकायचा. घास बारीक व्हायचा, गोड व्हायचा आणि तरी घशाखाली उतरायला वेळ घ्यायचा. आई तिकडं सुखात असेल, भरून येईल, आणि आली की सगळं सिद्ध होईल, असं तो स्वतःला सांगायचा. मग त्याच्या लक्षात यायचं की आई भरून यावी असं वाटण्यात सुमेधा दोषी ठरावी असंही वाटणं आहे. ही दोन वाटणं वेगळी करता येत नव्हती. आणि कधीकधी, फळा पुसताना किंवा गाडीला किक मारताना, त्याच्या अगदी उलट इच्छा मनात यायची, आई भरून येऊ नये, म्हणजे सुमेधा सुटेल, आणि ती आईच्या विरुद्ध जायची म्हणून तो दचकायचा.

तीन आठवड्यांनी, शाळा सुटायच्या वेळेला बेबीआक्काचा फोन आला. आधी नुसतं रडणंच ऐकू आलं. मग तुटक तुटक कळलं. तिनं आईला डिंकाचे लाडू केले, रोज घरचं तूप, दोनदा मटण, रात्री साय घातलेलं दूध. आई सगळं खायची. आणि सहा दिवसांपासून हगवण थांबेना. आज उठून बसता येईना, डोळे पांढरे करून राह्यली. "मी काय कमी केलं रं, संघपाल?" ती विचारत होती. "माझ्या हातानं भरवलं मी."

तो तसाच घनसावंगीला गेला. कांताबाई मागच्या खोलीत कुशीवर पडली होती, आणि जालन्याहून गेली होती त्याहून अर्धी झालेली होती. त्याला पाहून तिनं पांघरूण छातीपर्यंत ओढलं. खोलीत एक आंबूस वास होता; तो त्याला ओळखीचा वाटला. घरच्या मोरीपाशी असायचा. तो वास आला की तो दार लावून घ्यायचा. आई पुटपुटत म्हणाली, "बाबा, खाल्लेलं माझ्यात राहीना. तुला कसं सांगू, तू लेक. सुमेधाला माहीत आहे सगळं." त्यानं तिच्या कपाळावर हात ठेवला. बेबीआक्काच्या नवऱ्यानं गाडी आणली आणि अंधार पडायच्या आत ते जालन्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात पोचले.

सलाइन लागलं. मग तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला आणि बेबीआक्काला आईच्या खाटेपाशीच उभं करून विचारायला सुरुवात केली. वजन कधीपासून कमी झालं? भूक आहे का? संघपाल सांगत होता. मागचे रिपोर्ट त्यानं फोनवर दाखवले. डॉक्टरीणबाईंनी ते पाहिले आणि विचारलं, शौचाला कशी होते? रंग, वास, दिवसातून किती वेळा, पाण्यावर तरंगते का? संघपालनं बेबीआक्काकडं पाहिलं. बेबीआक्का म्हणाली, पातळ होती, एवढं बघितलं. आधी? आधीचं माहीत नाही. कांताबाईनं पदर तोंडावर ओढून घेतला होता. "घरात कुणाला तरी माहीत असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यांचं कोण बघतं?"

त्यानं सुमेधाला फोन लावला. आईला दवाखान्यात आणलंय हे त्यानं तिला वाटेतच कळवलं होतं. ती रिक्षाच्या शोधात होती. डॉक्टरांना विचारायचंय, असं म्हणून त्यानं फोनचा आवाज मोठा केला आणि समोर धरला. सुमेधाचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, मागं रस्त्याचा गोंगाट. ती सांगत गेली. ऑगस्टपासून सुरू झालं. दिवसातून चार-पाच वेळा. रंग फिक्का, शाडूसारखा. वर तेलाचा तवंग येतो, तरंगतं, दोन बादल्या टाकल्या तरी जात न्हाई. वास फार. ज्वारीची भाकर, मुगाचं वरण, ताक यावर कमी असतं. तळलेलं, शेंगदाणे, तूप पोटात गेलं की दुसऱ्या दिवशी हमखास वाढतं, म्हणून जानेवारीपासून मी त्यांचं तूप बंद केलं होतं. आन् एक सांगायचं, पंधरा वर्षांपूर्वी शहागडला त्यांना वरच्या पोटात दुखायचं, पाठीपर्यंत जायचं, गोधडीची वळकटी पोटाशी धरून बसायच्या, सगळे पित्त म्हणायचे. हे त्यांनी मलाच सांगितलेलं आहे.

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. लिहिता लिहिता म्हणाल्या, "अहो, हे आधी कुणाला सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं," सुमेधा म्हणाली. कुणाला, ते तिनं सांगितलं नाही.

बेबीआक्कानं खाटेचा लोखंडी दांडा धरला होता, तो ती सोडेना. संघपाल फोन तसाच हातात धरून उभा होता, फोन बंद झाल्यावरही. त्याला सगळं कळलं होतं, स्कॅन व्हायच्या आधीच. फळ्यावरचं ते पिवळं पान त्याला दिसत होतं आणि दोन गुणांचं ते उत्तर, शब्द न् शब्द. दोन दिवसांनी स्कॅनमध्ये तेच निघालं: स्वादुपिंड आक्रसलेलं, त्यात खडे धरलेले. नंतर शौचाच्या तपासणीतही आलं की त्याच्याकडून विकरं जवळजवळ येतच नाहीत. डॉक्टरीणबाई समजावून सांगायला लागल्या, की आजी खातात पण खाल्लेलं तोडणारं काही आत नाही, म्हणून अंगी लागत नाही. किती खाऊ घातलं याच्याशी त्याचा संबंध नाही. हे औषध म्हणजे तीच विकरं, बाहेरून. पहिल्या घासाबरोबरच घ्यायची, आधी नाही, नंतर नाही, आणि जन्मभर. तो मान हलवत होता. त्यांनी विचारलं, तुम्ही काय करता? तो म्हणाला, शिक्षक आहे. कुठला विषय हे त्यांनी विचारलं नाही.

कांताबाई दहा दिवसांनी घरी आली. तिचा सगळा सांभाळ सुमेधानं पुन्हा हातात घेतला, जणू तीन आठवड्यांसाठी कुणीतरी तो उसना नेला होता. घास तोंडाशी जाताना ती गोळी तळहातावर घेऊन पुढं करायची. तूप हळूहळू सुरू केलं, आधी अर्धा चमचा, मग एक. बेबीआक्का दर रविवारी येऊ लागली. पहिल्या रविवारी तिनं सुमेधाचे दोन्ही हात धरले आणि तसेच धरून बसली. सुमेधानं हात सोडवून घेतले नाहीत. दुर्गाबाईंनी सूनबाईचं फार कौतुक केलं. मे महिन्यात कांताबाईचं वजन तीन किलोनं वाढलं आणि ती संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायला लागली. सगळं ठीक झालं असं कुणीही म्हटलं असतं. संघपालचं ताट मात्र अजून एकट्याचंच वाढलं जात होतं. तो रोज काहीतरी बोलायचं ठरवायचा. शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या, दिवसभर घरात असायचा, या खोलीतून त्या खोलीत जायचा, वर्तमानपत्र उघडून मिटायचा. माफीची वाक्यं मनात तयार व्हायची आणि त्यांत नेहमी एक 'कारण' असायचं: आई लहानपणी खोटं बोलायची म्हणून, पहिल्या डॉक्टरानं तसं पाहिलं म्हणून, आक्का बोलली म्हणून. कारणे द्या.

एका दुपारी आई झोपली होती. बाहेर रखरखीत ऊन होतं, पंखा गरम हवा फिरवत होता. तो मशीनपाशी जाऊन उभा राहिला. सुमेधा बाहीला दुमड घालत होती.

"माझं चुकलं," तो म्हणाला. कारण त्यानं दिलं नाही.

मशीन चालूच राहिली. तिनं दुमड संपवली. मग दोरा तोडून, बाही उलटी करत, तिनं विचारलं, "आन् हा रिपोर्टबी नॉर्मल आला असता तर?"

प्रश्न अगदी साध्या आवाजात आला. त्याच्या मनात लगेच उत्तर उभं राहिलं, तसं कसं, तुला ओळखतो ना मी इतक्या वर्षांचा. पण हे उत्तर बोलायला तोंड उघडल्यावर त्याला स्वतःलाच त्याची शिसारी आली. तो थांबला. खाली पाहिलं. तिच्या पायाशी रंगीत कातरण पडलेलं होतं, निळं, मोरपंखी, एक पट्टी जरीची.

"तर मी तुलाच धरलं असतं," तो म्हणाला. "आई गेली असती, तरी तुलाच धरलं असतं. मरेपर्यंत."

सुमेधानं मान वर केली. बऱ्याच दिवसांनी ती त्याच्याकडं सरळ पाहत होती, आणि त्या पाहण्यात राग होता, दमलेपण होतं, आणखी काहीतरी होतं ज्याला त्याला नाव देता आलं नाही. "मला माहीत होतं ते," ती म्हणाली. "तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

तो गेला नाही. जायला जागाही नव्हती असं त्याला वाटलं. ती पुन्हा कामाला लागली. दुसरी बाही घेतली, खडूची रेघ पाहिली. मग शेजारच्या स्टुलावर साठलेले ब्लाउज तिनं दोन्ही हातांनी उचलून मशीनच्या पलीकडं ठेवले. ते त्याच्यासाठी उचलले की तिला त्यातला एखादा हवा होता, हे त्याला कळलं नाही. तो स्टुलावर बसला. तिनं उठा म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही, आणि मशीन सुरू केली.